चेहरे शोधायला आलेली माणसं

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचं ४७ वं अधिवेशन भरलं होतं. आपल्याकडे त्या अधिवेशनाची बातमी एकच, आणि ती साहजिकच पहिल्या पानावर: शिवरायांच्या स्वराज्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. सगळीकडे राजगड-रायगडाचे फोटो फिरले. आनंदच होता, आणि असायलाच हवा.

पण त्याच अधिवेशनात, त्याच यादीत आणखी एक नाव गेलं, ज्याच्याबद्दल आपल्याकडे जवळपास कुणी बोललं नाही. कंबोडियातल्या तीन जागा. एक शाळा, एक फळबाग, आणि ग्रामीण भागातला एक जुना तुरुंग. शाळेचं नाव तुओल स्लेंग, फळबागेचं चुंग-एक, आणि तुरुंगाला नाव नाहीच, नुसता नंबर आहे: एम-१३. तिन्ही ठिकाणी १९७० च्या दशकात माणसं कोंडली, छळली आणि मारली गेली. आता तिन्ही 'जागतिक वारसा' आहेत. म्हणजे आता तिथे पर्यटक आणखी येणार.

ही बातमी वाचल्यावर एक प्रश्न डोक्यात बसला तो काही केल्या हलेना. किल्ला बघायला जाणं समजतं. पण जिथे हजारो माणसं मारली, तिथे तिकीट काढून जाणं म्हणजे नक्की काय करणं? आणि तिथे जाणारा परदेशी माणूस आणि तिथे जाणारा कंबोडियन माणूस, दोघं एकच गोष्ट करत असतात का? या वीकांताला त्यावरच लिहायचं ठरवलं. विषय जड आहे, आधीच सांगतो.

ज्यांना इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. १७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली आणि लगेच अख्खं शहर रिकामं करायला लावलं. म्हातारे, बाळंतिणी, हॉस्पिटलातले पेशंट, सगळ्यांना हाकलून शेतावर पाठवलं. पैसा रद्द. शाळा बंद. बाजार बंद. भिक्षूंची चीवरं उतरवली. हे सगळं चाललं तीन वर्षं, आठ महिने आणि वीस दिवस. (हा आकडा कंबोडियात म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो.) ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजा नोम पेन्हमध्ये शिरल्या तेव्हा ते संपलं. जेमतेम ८० लाखांच्या देशात तोवर साधारण १७ लाख माणसं मेली होती. काही उपाशी, काही मलेरियाने, काही कामाच्या ओझ्याने, आणि फार मोठ्या संख्येने सरळ मारून टाकलेली. पाचातला एक माणूस गेला.

आता तुओल स्लेंगकडे येऊ. ती नोम पेन्हमधली एक साधी माध्यमिक शाळा होती. तीन मजली इमारती, मधे मैदान, मैदानात जिम्नॅस्टिक्सचा खांब. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला आणि त्याला 'एस-२१' असं सांकेतिक नाव दिलं. तुरुंगाचा प्रमुख दुच. हा पूर्वाश्रमीचा गणिताचा मास्तर, आणि ते त्याच्या कारभारात दिसतं. इथे आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढला जायचा, नोंद व्हायची, छळ करून 'कबुलीजबाब' लिहून घेतला जायचा, तो टाइप व्हायचा, त्यावर शेरे मारले जायचे आणि मग त्या माणसाला मारून टाकायचे. पुढे कोर्टाने दुचला शिक्षा दिली तेव्हा कमीत कमी १२,२७२ बळी धरले होते. इतर अंदाज १५ हजारांच्या वरही जातात. जिवंत सुटलेले मोजकेच.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'डॉक्युमेंटेशन करा, डॉक्युमेंटेशन करा' असं कायम ऐकावं लागतं. एस-२१ बद्दल वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा आला तो यामुळे. इतकं व्यवस्थित रेकॉर्ड, कशासाठी? तर वरच्यांना दाखवायला, की बघा, आम्ही शत्रू शोधून काढतोय. कबुलीजबाबात प्रत्येकाने आणखी नावं द्यायची, मग ती माणसं उचलायची, मग त्यांनी आणखी नावं द्यायची. इतिहासकार डेव्हिड चँडलर यांनी या दप्तरावर १९९९ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात एक गोष्ट स्पष्ट होते जी पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही: एस-२१ मधले बहुसंख्य कैदी हे ख्मेर रूजचेच कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय होते. पक्षाने आपलीच माणसं गद्दार ठरवून मारली. काही पहारेकरीसुद्धा पुढे कैदी झाले. म्हणजे भिंतीवर लावलेल्या त्या शेकडो फोटोंत निष्पाप शेतकरी आहेत, लहान मुलं आहेत, आणि ज्यांचे स्वतःचे हात रक्ताने भरलेले होते अशी माणसंही आहेत. फोटोत सगळे सारखेच दिसतात. सगळे घाबरलेले.

आणि अजून एक हिशोब. १७ लाखांत १५ हजार म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. बाकीचे नव्व्याण्णव देशभर गावोगाव मेले. तिथे ना फोटो ना नोंदी. पण जगाच्या डोळ्यापुढे कंबोडिया म्हटलं की हीच शाळा येते. कारण रेकॉर्ड इथे होतं.

जानेवारी १९७९ मध्ये दोन व्हिएतनामी वार्ताहरांना वासावरून ही जागा सापडली. आत पळण्यापूर्वी मारलेल्या १४ जणांचे मृतदेह होते. त्यांच्या कबरी आजही शाळेच्या आवारात आहेत. आणि काही महिन्यांत या जागेचं म्युझियम करायचं ठरलं. ही घाई का?

इथे राजकारण समजून घ्यायला हवं. व्हिएतनामने कंबोडियात घुसून नवं सरकार बसवलं होतं. जगातल्या बहुतेक देशांच्या दृष्टीने ते आक्रमण होतं. अमेरिका, चीन, आग्नेय आशियातले शेजारी, सगळे विरोधात. संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची चक्क ख्मेर रूजकडेच राहिली! (नव्या सरकारला मान्यता देणारे सोव्हिएत गटाबाहेरचे देश फार थोडे. त्यात १९८० साली इंदिरा गांधींचा भारत होता.) तेव्हा नव्या सरकारला जगासमोर पुरावा हवा होता: आम्ही आक्रमक नाही, आम्ही तुमची सुटका केली. म्युझियम उभारायला माई लाम नावाचे व्हिएतनामी कर्नल आले. हो ची मिन्ह सिटीतलं अमेरिकेच्या युद्धगुन्ह्यांचं म्युझियम त्यांनीच उभं केलं होतं. एस-२१ मधून वाचलेले उंग पेच म्युझियमचे पहिले संचालक झाले. नात्झींच्या छळछावण्यांची म्युझियम्स डोळ्यापुढे होतीच.

'नात्झी' हा शब्द इथे कामाचा आहे. व्हिएतनामी सरकार स्वतः कम्युनिस्ट, त्यांनी बसवलेलं सरकारही कम्युनिस्ट, आणि त्यातले कित्येक नेते पूर्वी ख्मेर रूजमध्येच होते. तेव्हा 'कम्युनिस्टांनी लोकांना मारलं' असं म्हणून कसं चालेल? म्हणून 'पोल पॉट आणि येंग सारी यांची वंशसंहारक टोळी' असा शब्दप्रयोग रूढ केला गेला. दोनचार राक्षस, हिटलरसारखे. ऑगस्ट १९७९ मध्ये दोघांवर त्यांच्या गैरहजेरीत खटला चालवून वंशसंहाराबद्दल मृत्युदंडही सुनावला. आणि म्युझियमच्या नावातही तोच शब्द आला.

या शब्दाची पुढची गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) अशी. 'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू वकिलाने १९४४ साली तयार केला. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याची व्याख्या ठरली: राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा नाश करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं. राजकीय गट त्यातून गळले. सोव्हिएत युनियनचा त्याला विरोध होता, आणि तो एकटाही नव्हता. परिणामी ख्मेर माणसांनी ख्मेर माणसांना 'वर्गशत्रू' म्हणून मारलं, तर कायद्याच्या भाषेत तो मानवतेविरुद्धचा गुन्हा, पण वंशसंहार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या कोर्टाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जेव्हा अखेर वंशसंहाराचा निकाल दिला, तेव्हा तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी या अल्पसंख्याकांच्या हत्येबद्दल होता. म्हणजे 'वंशसंहार म्युझियम'च्या भिंतीवरचे बहुसंख्य चेहरे कायद्याने वंशसंहाराचे बळी नाहीतच! मेलेल्या माणसाला अर्थात याने काय फरक पडतो. पण पर्यटक जो शब्द घेऊन आत जातो आणि जो घेऊन बाहेर पडतो, तो कुणी, कधी आणि का निवडला, हे माहीत असलेलं बरं.

तर मुद्दा असा, की ही जागा सुरुवातीपासूनच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेली होती. १९७९ सालच्या मार्चमध्येच परदेशी शिष्टमंडळांना ती दाखवायला सुरुवात झाली. शेवटच्या दालनात जवळजवळ ३०० कवट्यांचा कंबोडियाचा नकाशा भिंतीवर लावला होता, त्यात नद्या लाल रंगाने काढलेल्या. तो नकाशा २००२ साली उतरवला. हे सगळं वाचलं की वाटतं, हा सगळा निव्वळ प्रचार होता. बऱ्याच पाश्चात्त्य अभ्यासकांनी तसं लिहिलंही.

पण मग १९८० साली ही जागा सामान्य लोकांना खुली झाली तेव्हा काय झालं बघा. पहिल्या काही महिन्यांतच तीन लाखांहून जास्त कंबोडियन तिथे येऊन गेले. परदेशी आले साधारण ११ हजार. मानववंशशास्त्रज्ञ ज्युडी लेजरवुड यांनी १९९७ च्या एका लेखात याबद्दल लिहिलंय. देश उद्ध्वस्त झालेला, खायची भ्रांत, आणि तीन लाख लोक एका म्युझियममध्ये येतात. कशाला? इतिहास शिकायला नाही. इतिहास त्यांनी भोगला होता. ते आले फोटो बघायला. आपला नवरा, आपला भाऊ, आपली मुलगी त्या भिंतीवर आहे का, हे शोधायला.

मला या संपूर्ण विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं दृश्य हेच वाटतं. तीच भिंत, तेच फोटो. एक माणूस चेहऱ्यांवरून नजर फिरवत जातो आणि त्याला दिसतो 'माणसाचा माणसावरचा अत्याचार'. दुसरा माणूस एकेका चेहऱ्यापाशी थांबतो आणि म्हणतो, हा नाही... हा नाही... हाही नाही. पहिल्याला सगळे चेहरे मिळून एक अर्थ हवा असतो. दुसऱ्याला फक्त एक चेहरा हवा असतो, आणि तो मिळू नये अशीही आशा असते.

त्यातून फोटोंची भानगड अशी, की निगेटिव्ह आणि फाइली वेगवेगळ्या झाल्या होत्या. साधारण पाच-सहा हजार फोटो उरले, पण कुठला फोटो कुणाचा हे बऱ्याच वेळा कळेना. छातीवर नंबर आहे, पण तो नंबर त्या दिवसापुरता, दुसऱ्या दिवशी परत एकपासून सुरू. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबल्स आहेत आणि त्यांना जोडणारी कीच नाही. जोडणी एकच होती: ओळखणाऱ्या माणसाचे डोळे. येल विद्यापीठात १९९४ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने पुढे हे हजारो फोटो इंटरनेटवर ठेवले, ते याचसाठी: कुणी ओळखत असेल तर कळवा. जगात जितक्या वेबसाइट झाल्या त्यात इतकं साधं आणि इतकं भयंकर काम क्वचितच कुठल्या वेबसाइटने केलं असेल.

आणि त्याच फोटोंचं दुसरीकडे काय झालं? १९९७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यातले २२ फोटो कलाकृती म्हणून टांगले गेले. त्यावर वाद झाला, व्हायलाच हवा होता. २०१६ साली पोकेमॉन गो खेळणारी पोरं मोबाइल घेऊन तुओल स्लेंगच्या आवारात शिरली, कारण गेमने तिथेही पोकेमॉन सोडले होते. म्युझियमने बंदी घातली. (अल्गोरिदमला शाळा, बाग आणि कत्तलखाना यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त अक्षांश-रेखांश कळतात.) २०२१ मध्ये एका कलाकाराने हे फोटो रंगीत केले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू काढलं, आणि एका नावाजलेल्या साइटने ते छापले. कंबोडिया सरकारने आणि मृतांच्या नातेवाइकांनी हरकत घेतल्यावर ते काढून टाकले. मारण्याआधी काढलेल्या फोटोवर हसू! ज्याने कुणी ते केलं त्याला त्या चेहऱ्यामागे अजून कुणी जिवंत नातेवाईक असू शकेल हे सुचलंच नसेल.

समाजशास्त्रज्ञांनी या सगळ्याला नाव दिलंय. ग्लासगोच्या जॉन लेनन (हो, नाव तेच, माणूस वेगळा) आणि माल्कम फोली यांनी १९९६ मध्ये 'डार्क टूरिझम' हा शब्द आणला. त्यांच्या मते हे आधुनिक काळाचं अपत्य आहे: टीव्हीवर बघितलेलं संकट प्रत्यक्ष बघायचं असतं. त्याच वर्षी ए. व्ही. सीटन यांनी उलट मांडलं, की मरणाची जागा बघायला जाणं फार जुनं आहे. वॉटर्लूचं रणांगण, पाँपेई, संतांच्या समाध्या. जॉन उरी यांनी १९९० मध्येच सांगून ठेवलं होतं की पर्यटकाची 'नजर' ही शिकवलेली असते. काय बघायचं आणि कसं बघायचं हे आधीच ठरवून तो आलेला असतो.

हे सगळं पटतं. पण वाचताना सारखं जाणवतं, की यातला 'पर्यटक' बहुतेक वेळा एकाच मुशीतला आहे: दूरचा, सुखवस्तू, अपरिचित. सीटन यांची समाध्यांची आठवण आपल्याला जवळची वाटते, कारण आपल्याकडे यात्रा आणि सहल यांच्यात भिंत नाहीच. आळंदीला जाणारा माणूस समाधीचं दर्शनही घेतो आणि येताना पेढेही घेतो. पण वंशसंहाराच्या जागी मेलेला माणूस संत नसतो. तो कुणाचा तरी न जाळलेला, न पुरलेला नातेवाईक असतो. आणि इथे खरा पेच सुरू होतो.

नोम पेन्हपासून १५ किलोमीटरवर चुंग-एक. एस-२१ चे कैदी रात्री ट्रकने इथे आणून मारत. १९८० साली खोदलं तेव्हा १२९ खड्ड्यांपैकी ८६ उघडले आणि ८,९८५ जणांचे अवशेष निघाले. बाकीचे खड्डे तसेच ठेवले. पावसाळ्यात अजूनही मातीतून कपड्यांच्या चिंध्या आणि हाडांचे तुकडे वर येतात. १९८८ मध्ये तिथे एक उंच स्तूप बांधला. त्याला काचेच्या भिंती आहेत आणि आत मजल्यामजल्यावर पाच हजारांहून जास्त कवट्या. पर्यटक चपला काढतो, आत जातो, बघतो, फोटो काढतो.

ख्मेर माणूस बौद्ध. मेल्यावर दहन व्हायला हवं, भिक्षूंनी मंत्र म्हणायला हवेत, नाहीतर जीव अडकतो. अकाली आणि हिंसेने मेलेल्याचं तर फारच अवघड. हे आपल्याला समजावून सांगायला नको. त्यांच्याकडे एक सण असतो, 'प्चुम बेन'. पंधरा दिवसांचा. महिना कुठला? 'फोत्रोबोत', म्हणजे आपला भाद्रपद. पक्ष कृष्ण. 'बेन' म्हणजे पिंड, शब्दही तोच. पहाटे अंधारात देवळाभोवती फिरून भाताचे गोळे ठेवतात किंवा टाकतात, भुकेल्या 'प्रेतां'साठी. आपण प्रेत म्हणतो ते शरीराला, ते म्हणतात ते भटकणाऱ्या जीवाला (आपल्या श्राद्धाच्या पोथीतही खरं तर तोच अर्थ आहे). सात देवळांत शोधूनही आपल्या माणसांनी ठेवलेला पिंड मिळाला नाही तर पितर शाप देतात असं मानतात. शेवटचा दिवस अमावास्या. आपली सर्वपित्री. ज्यांची मृत्युतिथी माहीत नाही त्यांचं श्राद्ध आपण ज्या दिवशी करतो, तोच दिवस.

आता विचार करा. ज्या देशात १७ लाखांपैकी बहुतेकांची तिथी माहीत नाही, जागा माहीत नाही, तिथे हा दिवस काय असेल. आणि ज्यांची हाडं सापडली ती काचेत.

राजे नोरोदोम सिहानूक यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलं, की ही हाडं दहन करा, या जीवांना सोडवा. सरकारचं म्हणणं उलट: हाडं हा पुरावा आहे. जाळली तर उद्या लोक म्हणतील, काही झालंच नव्हतं. डिसेंबर २००१ मध्ये हुन सेन सरकारने एक परिपत्रक काढलं. त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टी एकत्र होत्या: वंशसंहारातल्या बळींच्या अवशेषांचं जतन, आणि आनलाँग वेंग या भागाला ऐतिहासिक पर्यटनाचं ठिकाण करण्याची तयारी. आनलाँग वेंग म्हणजे ख्मेर रूजचा शेवटचा अड्डा. पोल पॉट १९९८ साली तिथेच मेला, टायर आणि कचऱ्यावर त्याला जाळलं. परदेशी पर्यटक ती जागा बघायला जातात. आणि आसपासचे काही लोक तिथे उदबत्ती लावून लॉटरीचा नंबर मागतात! एकाच पत्र्याच्या छपराखाली एकाला दिसतो राक्षस, दुसऱ्याला जागृत आत्मा. कुठल्या पाठ्यपुस्तकात बसवायचं हे?

२००५ साली नोम पेन्ह नगरपालिकेने चुंग-एकचा कारभार ३० वर्षांच्या करारावर एका खाजगी कंपनीला दिला. परदेशी माणसाला तिकीट, कंबोडियन माणसाला फुकट. रस्ता सुधारला, स्वच्छता आली, चांगली ऑडिओ गाइड आली. आणि लोक म्हणाले, तुम्ही आमच्या मेलेल्यांची हाडं विकताय. दोन्ही खरं आहे. कंबोडियासारख्या गरीब देशाने अशी जागा राखायचा खर्च आणायचा कुठून, हाही खरा प्रश्न आहे, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

हा पेच फक्त कंबोडियाचा नाही. ऑशविट्झमध्ये बळींचे कापलेले केस काचेमागे ठेवलेत. वॉशिंग्टनला १९९३ साली होलोकॉस्ट म्युझियम उघडलं तेव्हा तिथेही केस ठेवायचा विचार होता. वाचलेल्या काही स्त्रिया म्हणाल्या, त्यात माझ्या आईचे केस असू शकतात. तिथे केसांऐवजी केसांचा फोटो लावला. रवांडात मुरांबीच्या शाळेत चुन्यात जपलेले मृतदेह वर्गांतून मांडले, कारण तिथल्या सरकारलाही नाकारणाऱ्यांची भीती होती. पुरावा की आदर, या तराजूत प्रत्येक समाजाने आपापलं वजन टाकलंय. आणि ते वजन बऱ्याच वेळा बाहेरून येणाऱ्या, शंका घेणाऱ्या, न बघितलेल्या माणसासाठी टाकलेलं असतं. म्हणजे आपल्यासाठी.

आणि हे लक्षात घ्या, की पुरावा फक्त परदेशी माणसाला हवा असतो असं नाही. कंबोडियात शाळेच्या पुस्तकांत हा इतिहास कित्येक वर्षं नावापुरता होता. खुनी आणि बळी एकाच गावात शेजारी राहत होते, त्यामुळे घरात कुणी बोलत नसे. नव्या पिढीतल्या मुलांचा आईबापांच्या गोष्टींवर विश्वास बसेना: गवत खाल्लं? आजोबांना चष्मा होता म्हणून मारलं? काहीही काय! शाळेसाठी लिहिलेलं या काळाचं पहिलं सविस्तर पुस्तक आलं २००७ मध्ये. तेव्हा आता तुओल स्लेंगला सहलीने येणारी कंबोडियन शाळकरी मुलंही एक प्रकारे पर्यटकच असतात. तीही पहिल्यांदाच बघत असतात. १९८० च्या रांगेतल्या आजीने शोधला तो चेहरा, आणि २०२५ च्या नातवाने बघितला तो फोटो. तीन पिढ्यांत नातेवाईक पर्यटक झाला. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्याच दुःखांचं कधी ना कधी हेच होतं.

आपल्याकडून आता कंबोडियाला बरेच लोक जातात. व्हिएतनाम-कंबोडिया अशी सहल असते, मुख्य आकर्षण अंगकोर वाट. साहजिक आहे, तिथे समुद्रमंथन कोरलंय, तिथे आपल्याला घरचं काहीतरी सापडतं. (आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ तिथे कामही केलं.) नोम पेन्हला एखादी दुपार मिळते. त्या दुपारी तुओल स्लेंगला जावं की नाही? माझं मत, जावं. तिथे आवारात हसण्यास मनाई असल्याची पाटी आहे, ती पाळणं सोपं आहे. अवघड गोष्ट दुसरी आहे. सगळे फोटो बघून 'बापरे' म्हणून बाहेर पडू नये. एखाद्या फोटोपाशी थांबावं, आणि बघावं जसं १९८० साली कुणीतरी बघितलं असेल: हा माझा आहे का? नाही. मग कुणाचा असेल? एवढा एक प्रश्न आपण विचारू शकतो. तो कुठल्याही ऑडिओ गाइडमध्ये नाही.

सिहानूक राजांबद्दल एक सांगायचं राहिलं. ते काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. ख्मेर रूजला सत्तेवर यायला त्यांच्या नावाचा फार उपयोग झाला आणि नंतरही त्यांनी त्यांच्याशी युती केली. पण त्यांचीही पाच मुलं आणि चौदा नातवंडं त्याच राजवटीत गेली. १५ ऑक्टोबर २०१२ ला ते बीजिंगमध्ये वारले. तो दिवस प्चुम बेनचा होता. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये नोम पेन्हला लाखो लोकांसमोर, भिक्षूंच्या मंत्रांत, त्यांचं दहन झालं.

१५ किलोमीटरवर चुंग-एकच्या स्तूपातल्या कवट्या मात्र जिथे होत्या तिथेच राहिल्या. अजूनही आहेत.